वाइतांगीचा तह : दोन भाषा, दोन अर्थ

'करार' हा शब्द ख्रिस्ती वाचकाला परका नाही. आपल्या शास्त्राचे दोन भाग आपण याच नावाने ओळखतो. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत नव्या कराराला 'ते कावेनाता होऊ' असे म्हणतात. १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्तेशी जो तह झाला, त्याकडेही अनेक माओरी प्रमुखांनी याच भावनेने, म्हणजे पवित्र वचन म्हणून पाहिले. त्या वचनाच्या अर्थावरून उद्भवलेला वाद अद्याप शमलेला नाही. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याच्या मुळाशी भाषांतर आहे आणि ते भाषांतर एका मिशनऱ्याच्या हातून झाले आहे.

१. तहाची दोन रूपे

ब्रिटिश अधिकारी विल्यम हॉब्सन यांचा इंग्रजी मसुदा चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री विल्यम्स व त्यांचे पुत्र एडवर्ड यांनी ४ फेब्रुवारी १८४० च्या रात्री माओरीत उतरविला. ६ फेब्रुवारीस वाइतांगी येथे सह्या झाल्या. पुढील काही महिन्यांत देशभर मिळून सुमारे ५४० प्रमुखांनी तहास संमती दिली. त्यांपैकी अवघ्या ३९ जणांच्या सह्या इंग्रजी प्रतीवर आहेत. बाकी सर्वांनी माओरी मजकूर मान्य केला.

इंग्रजी पहिल्या कलमानुसार प्रमुखांनी आपले 'सार्वभौमत्व' राणीला अर्पण केले. माओरी मजकुरात त्या ठिकाणी 'कावानातांगा' हा शब्द आहे. 'कावाना' म्हणजे गव्हर्नर. माओरी शास्त्रात पिलातासाठी, म्हणजे आपण ज्याला सुभेदार म्हणतो त्याच्यासाठी, हाच शब्द योजला होता. सुभेदाराच्या वर कोणी धनी असतो, हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. दुसऱ्या कलमाने प्रमुखांना त्यांच्या जमिनी, गावे व सर्व ठेव्यांवर 'तिनो रांगातिरातांगा', म्हणजे पूर्ण प्रमुखपण, राखून दिले. प्रभूच्या प्रार्थनेच्या माओरी भाषांतरात देवाच्या 'राज्या'साठी 'रांगातिरातांगा' हाच शब्द येतो! तेव्हा आपण सुभेदारी दिली आणि राज्य राखले, अशी प्रमुखांची समजूत झाली असल्यास नवल नाही. विशेष म्हणजे, १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्वोच्च सत्तेसाठी 'माना' व 'किंगितांगा' हे शब्द वापरलेले होते. तहातील सार्वभौमत्वाच्या कलमात मात्र ते नाहीत. विल्यम्स यांनी हे हेतुपूर्वक केले की घाईत घडले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणामाविषयी मात्र मतभेद नाही.

२. वचनाचा विसर

१८६० च्या दशकात युद्धे झाली आणि १८६३ च्या कायद्याखाली बंडखोरीचा ठपका ठेवून लक्षावधी एकर जमीन जप्त झाली. १८७७ च्या एका निकालात सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी कायद्याच्या दृष्टीने तह निव्वळ शून्यवत असल्याचे म्हटले. तो दावा मंडळीशी निगडित होता, हे आपण विसरू नये. पोरिरुआ येथील माओरींनी शाळेसाठी मंडळीला जमीन दिली होती. शाळा उभी राहिली नाही, तेव्हा वी पाराता यांनी जमीन परत मिळावी म्हणून वेलिंग्टनच्या बिशपांविरुद्ध दाद मागितली आणि ते हरले.

तारानाकी प्रांतातील पारिहाका गावी ते व्हिती व तोहू या शास्त्रात मुरलेल्या पुढाऱ्यांनी निःशस्त्र प्रतिकार मांडला. १८७९ मध्ये त्यांच्या माणसांनी गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या ताब्यातील जमिनीवर नांगर धरले. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० सैनिक गावावर चालून आले, तेव्हा मुले गाणी म्हणत सामोरी गेली व स्त्रियांनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. दोन्ही पुढाऱ्यांना खटल्याविना डांबण्यात आले.

३. सामान्यांची चळवळ

१९७५ मध्ये हा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आला. ७९ वर्षांच्या कॅथलिक आजीबाई व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली १४ सप्टेंबरला उत्तर टोकाकडील ते हापुआहून पदयात्रा निघाली व सुमारे १,००० किलोमीटर चालून १३ ऑक्टोबरला वेलिंग्टनच्या संसदेपुढे पोहोचली. यापुढे माओरींची एक एकरही जमीन जाऊ नये, हे तिचे मागणे होते. त्याच महिन्यात तहविषयक तक्रारींसाठी वाइतांगी न्यायाधिकरण स्थापणारा कायदा झाला. पण १९७५ पूर्वीचे अन्याय ऐकण्याचा अधिकार त्याला १९८५ मध्ये मिळाला. दरम्यान ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंट येथे जमातीच्या लोकांनी ५०६ दिवस ठाण मांडले. २५ मे १९७८ रोजी २२२ जणांना अटक करून त्यांना उठविण्यात आले. पुढे न्यायाधिकरणाने जमातीचे गाऱ्हाणे रास्त ठरविले व १९९१ च्या कायद्याने जमिनीविषयीचा तिचा हक्क मान्य झाला.

४. अलीकडील प्रसंग

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'तहाची तत्त्वे' संसदेनेच ठरवावीत, असे विधेयक मांडले गेले. सर्व नागरिकांस समान हक्क असावेत, हे पुरस्कर्त्यांचे म्हणणे. विरोधकांचा आक्षेप असा, की दोघांनी केलेल्या तहाचा अर्थ एकाच पक्षाने बहुमताने बदलणे न्याय्य नाही. माओरी तर लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहेत. १९ नोव्हेंबरला संसदेपुढे सुमारे ४२,००० लोक जमले. तत्पूर्वीच ४०० हून अधिक ख्रिस्ती पुढाऱ्यांनी विधेयक नाकारण्याची विनंती संसद सदस्यांना केली होती. १० एप्रिल २०२५ रोजी ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले.

५. विचारार्थ

हा विजय मर्यादित आहे. विधेयक पडले, तहाच्या अर्थाचा प्रश्न उरला. मंडळीच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी चिंतनीय आहेत. पहिली ही, की माओरी प्रमुखांनी हॉब्सनवर विश्वास टाकला तो बव्हंशी मिशनऱ्यांच्या शब्दावर. जो मध्यस्थ दोन पक्षांना परस्परांचे बोलणे समजावून देतो, त्याच्यावर दोहोंचे ऋण राहते आणि ते सही होताच फिटत नाही. दुसरी ही, की ज्या शास्त्रातील शब्दांनी माओरींना तह समजावला गेला, त्याच शास्त्राच्या आधारे त्यांनी पुढे न्याय मागितला. भाषांतरकर्त्याच्या हातून सुटलेला शब्द ऐकणाऱ्याचा होतो. १८४० मध्ये जे ऐकले, ते पाळले जावे, एवढेच त्या लोकांचे मागणे आहे. १८७७ चा बिशप प्रतिवादी म्हणून न्यायालयात उभा होता. २०२४ च्या मंडळीने वचनाच्या बाजूने साक्ष दिली. या दोहोंमधील अंतर तोडण्यास १४७ वर्षे लागली.