पन्हाळ्याच्या ३६० अंशांच्या व्हिडिओतून नीट फोटो कसा काढायचा?

पन्हाळ्यावर धुकं उतरलंय. तुम्ही सेल्फी स्टिकवर ३६० अंशांचा कॅमेरा लावून तीन दरवाजातून चालत गेलात. घरी येऊन व्हिडिओ बघितला, बोटाने इकडेतिकडे फिरवला, एकदम भारी. मग ग्रुपवर टाकायला स्क्रीनशॉट काढला, तर कमान वाकडी आणि दगड अस्पष्ट!

कॅमेरा खराब आहे का? नाही. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, ते समजून घेऊ.

या फाइलमध्ये नेमकं काय असतं?

अशा कॅमेऱ्याला सहसा पाठीला पाठ लावलेली दोन भिंगं असतात. दोन्हींची दृश्यं जोडून एक पूर्ण गोल तयार होतो. पण व्हिडिओची फ्रेम सपाट असते, म्हणून हा गोल उलगडून आयतात बसवला जातो. पृथ्वीचा गोळा नकाशात सपाट करताना अंटार्क्टिका खालच्या कडेला पट्ट्यासारखा पसरतो, तसंच इथे होतं. या मांडणीला इक्विरेक्टँग्युलर म्हणतात. तिची रुंदी उंचीच्या दुप्पट असते. म्हणूनच अंबरखान्याच्या सरळ भिंतीही मूळ फ्रेममध्ये धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात.

मग स्क्रीनशॉट अस्पष्ट का येतो?

साधं गणित आहे. '५.७के' व्हिडिओची फ्रेम ५७६० पिक्सेल रुंद असते. हे पिक्सेल पूर्ण ३६० अंशांत वाटले जातात, म्हणजे एका अंशाला १६. स्क्रीनवर तुम्हाला साधारण ९० अंशांचा तुकडा दिसतो. त्याच्या वाट्याला १४४० पिक्सेलच येतात. '४के' असेल तर फक्त ९६०.

त्यात स्क्रीनशॉट म्हणजे फोनच्या पडद्याची नक्कल. व्हिडिओ ऑनलाइन बघत असाल तर नेटच्या वेगानुसार दर्जा आधीच उतरलेला असतो.

योग्य पद्धत कोणती?

१. मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केलेली असते. मित्राकडून मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

२. गोप्रो मॅक्सची ‘डॉट ३६०’ किंवा इन्स्टा३६० ची ‘डॉट आयएनएसव्ही’ फाइल असेल, तर आधी ती त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. जोडणी तिथेच होते.

३. स्थिर क्षण शोधा. चालताना घेतलेली फ्रेम हललेली असते. जिथे तुम्ही दोन सेकंद थांबलात, तिथली फ्रेम निवडा.

४. दिशा, वर-खालचा कोन आणि दृश्याची रुंदी ठरवा. रुंदी ७५ ते ९० अंशांत ठेवा. त्यापुढे कडा ताणल्या जातात. क्षितिज तिरकं असेल तर ‘रोल’ने सरळ करा.

५. फोटो पीएनजीमध्ये सेव्ह करा, म्हणजे आणखी दर्जा घटणार नाही.

कॉम्प्युटरवर कमांड चालवायची सवय असेल तर एफएफएमपेग हे मोफत साधन वापरा. त्यातला ‘व्ही३६०’ फिल्टर सपाट फोटो काढून देतो. फक्त सगळ्या फ्रेम काढू नका. सेकंदाला ३० फ्रेमच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओतून ३६०० फोटो निघतील. सेकंदाला एक घेतलात तर १२० मध्ये काम होतं.

फिरवता येणाराच फोटो हवा असेल तर?

मग पूर्ण आयताकृती फ्रेम सेव्ह करा. पण फेसबुकवर टाकल्यावर ती लांबट पट्टीच दिसू शकते. कारण ‘हा गोल फोटो आहे’ ही फाइलमधली नोंद फ्रेम काढताना गळते. एक्सिफटूलने ‘प्रोजेक्शन टाइप’ची नोंद परत घालता येते.

यातून शिलालेख वाचता येईल का?

तीन दरवाजावर आदिलशाही काळातला फारसी शिलालेख आहे. समजा, एक मीटर रुंद दगड तुम्ही तीन मीटरवरून टिपला. तो साधारण १९ अंश जागा व्यापतो, म्हणजे ५.७के व्हिडिओत जेमतेम ३०० पिक्सेल. त्यात ओळी दिसतील, अक्षरं नाही. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात तोच दगड अंदाजे तिप्पट-चौपट तपशिलाने येतो. म्हणून परिसरासाठी ३६० अंश आणि कोरीवकामासाठी साधा फोटो, असं दोन्ही घ्या.

‘बुरूज वाकलाय’ असं लिहिण्याआधी

जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला होता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. त्यामुळे तटबंदीचा प्रत्येक फोटो आता भराभर फिरतो. पण ३६० अंशांच्या फ्रेममधली वाकलेली भिंत खरंच वाकलेली असेलच असं नाही. आधी सपाट फोटो काढा, भिंत मधोमध ठेवून बघा, तारीख लिहा, मगच पोस्ट करा. चुकीचा फोटो एकदा व्हायरल झाला, की खऱ्या पडझडीच्या फोटोवरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट, पन्हाळ्यावर माणसं राहतात. हा कॅमेरा तुमच्या मागचं दार, अंगणातली मुलं, गाड्यांचे नंबरही टिपतो. पूर्ण फ्रेम टाकण्याआधी चेहरे आणि नंबर पुसट करा. व्हिडिओ दुसऱ्याचा असेल तर परवानगी घ्या.

फोटो काढून ठेवायचेच कशाला?

नव्वदच्या दशकात अॅपलचं ‘क्विकटाइम व्हीआर’ आलं होतं. फिरवून बघायची चित्रं तेव्हाही होती. आज त्या फाइल उघडायला जुनं सॉफ्टवेअर शोधावं लागतं, आणि विंडोजवरच्या क्विकटाइमला अॅपलने २०१६ मध्येच वाऱ्यावर सोडलं. साधा फोटो मात्र कुठल्याही फोनवर उघडतो.

म्हणून मूळ व्हिडिओ जपा आणि त्यातले दहा-बारा चांगले फोटो जागा व तारखेसह वेगळे ठेवा. उद्या एखाद्या पावसाळ्यात तटाचा दगड निखळला, तर तो आधी कुठे होता हे सांगायला ते कामी येतील.