यंत्रे आली, अनुभवाचे काय?

दुधाच्या टाक्या, साखर कारखान्यांतील नळ्या आणि औषधनिर्मितीची भांडी ज्या स्टेनलेस स्टीलची बनतात, त्या पोलादाला वेल्डिंग केल्यावर सांध्याभोवती काळपट निळसर डाग पडतो. तो तसाच राहू दिला तर कालांतराने तेथे गंज धरतो. म्हणून त्यावर एक दाट लेप लावण्याची आणि काही वेळाने तो पाण्याने धुऊन काढण्याची पद्धत आहे. वर्कशॉपमध्ये त्याला ‘पिकलिंग पेस्ट’ म्हणतात. हा लेप बहुधा नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक या दोन आम्लांचा असतो. पहिल्या आम्लाला कामगार भितो, कारण ते लागताच आग होते आणि कातडी पिवळी पडते. दुसऱ्याला तो भीत नाही, कारण सौम्य प्रमाणात ते बोटाला लागले तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. तो हात पुसतो, पाळी संपवून घरी जातो आणि मध्यरात्री नखाखाली असह्य ठणका सुरू झाला की डॉक्टरचे दार ठोठावतो. दिवसभरात कोणत्या पदार्थाशी संबंध आला हे त्याला ठाऊक नसेल, तर डॉक्टरलाही ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. साखर आणि दूध हेच आजही या जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचे दोन मोठे आधार आहेत, आणि या दोन्ही धंद्यांना स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवाचून चालत नाही. पारनेर तालुक्यातील सुपा औद्योगिक वसाहतीत आता वातानुकूलन यंत्रे तयार होतात. त्या यंत्रांत भरला जाणारा शीतक वायू फ्लोरीनयुक्त असतो. गळती झालेल्या जागी ज्योत लागली तर त्यातूनही हायड्रोजन फ्लोराइड निर्माण होते. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या लिथियम बॅटऱ्या पेटल्या की त्यांच्या धुरातही तेच विष आढळते. तात्पर्य, फ्लोरीन हे केवळ रसायनाच्या पाठ्यपुस्तकातील मूलद्रव्य राहिलेले नाही. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाताशी ते येऊन पोहोचले आहे.

दाहाचे स्वरूप

इतर आम्ले कातडी जाळून थांबतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे तसे नाही. ते कातडीतून खोल शिरते आणि त्यातील फ्लोराइड शरीरातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांना बांधून टाकते. हृदयाचे ठोके नियमित पडण्यासाठी हीच द्रव्ये लागतात. त्यामुळे तीव्र आम्लाने तळहाताच्या दोन-तीन पट एवढीच कातडी भाजली, तरी रक्तातील कॅल्शियम घसरून हृदय बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. सौम्य आम्लाची वेदना चोवीस तासांपर्यंत उशिरा सुरू होऊ शकते. निर्जल स्वरूपात हा पदार्थ सुमारे १९.५ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे नगरच्या कोणत्याही दुपारी तो उघडा पडला तर त्याचा वायूच होणार.

यावरचा पहिला उपाय महाग नाही. भरपूर पाण्याने धुणे, दूषित कपडे काढणे, जखमेवर कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम चोळत राहणे आणि विनाविलंब रुग्णालय गाठणे, एवढा हा क्रम आहे. मात्र मलम कामाच्या जागी आधीपासून ठेवलेला हवा आणि तो कशासाठी आहे हे कामगाराला माहीत हवे. दक्षिण कोरियातील गुमी येथे २७ सप्टेंबर २०१२ रोजी टँकरमधून हाच पदार्थ उतरवून घेताना गळती झाली आणि पाच जण मृत्युमुखी पडले. भोवतालच्या शेतांतील पिके करपली, जनावरे आजारी पडली आणि गावकऱ्यांना घरे सोडावी लागली. ज्या जिल्ह्यात कारखान्याच्या कुंपणाला लागूनच ज्वारीचे शेत असते, त्याने ही हकीकत विसरू नये.

निमूटपणे साचणारे विष

हायड्रोफ्लोरिक आम्ल निदान रात्री तरी बोलते. फ्लोरीनयुक्त रसायनांचा दुसरा एक मोठा वर्ग वर्षानुवर्षे गप्प राहतो. ‘पीएफएएस’ या नावाने ती रसायने ओळखली जातात. न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारे कापड, आग विझवणारा फेस अशा अनेक वस्तूंसाठी ती वापरली गेली. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध एवढा चिवट असतो की ती निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत. त्यांपैकी ‘पीएफओए’ हे रसायन मानवी रक्तात शिरले तर त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे अडीच ते साडेतीन वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली त्याला मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या गटात घातले.

याचा अनुभव इटलीने घेतला. व्हिचेन्झा प्रांतातील त्रिस्सिनो या गावी मितेनी नावाचा कारखाना अनेक दशके ही रसायने तयार करत होता. २०१३ साली त्या भागातील भूजल व पिण्याचे पाणी दूषित झाल्याचे उघड झाले; सुमारे साडेतीन लाख लोकांना त्याची झळ पोहोचली. कारखान्यातील ४६२ पुरुष कामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा यकृताचा कर्करोग, यकृताचा सिऱ्होसिस, मधुमेह आणि रक्ताशी संबंधित कर्करोग यांनी झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. २०१८ साली कारखान्याने दिवाळे काढले. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ वरिष्ठ अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या कारावासाच्या शिक्षा सुनावल्या.

या कथेचा पुढचा भाग महाराष्ट्रात घडला आहे. दिवाळखोरीनंतर मितेनीची यंत्रसामग्री लिलावात निघाली. २०१९ साली ती लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीने आपल्या उपकंपनीमार्फत विकत घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे फ्लोरीन रसायनांच्या कारखान्यासाठी आणली. यंत्र तेच असले म्हणजे माल तोच, किंवा दोषही तेच, असे मानणे अन्यायाचे होईल. पण ज्या वसाहतीच्या प्रदूषणाची आणि दाभोळ खाडीतील मासेमारीवर झालेल्या परिणामाची दखल माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात घेतली होती, तेथेच हे घडावे, हा विचार करण्याजोगा योगायोग आहे. यंत्रे जहाजातून येऊ शकतात. त्या यंत्रांशेजारी उभे राहिलेल्या माणसांच्या रक्ततपासण्यांचे आणि मृत्यूंचे जे ज्ञान इटलीला एवढी किंमत मोजून मिळाले, ते त्याच जहाजातून येत नाही. ते मुद्दाम मागवावे लागते.

वेतनाचा हिशेब

धोक्याच्या कामाला अधिक वेतन मिळते, असे अर्थशास्त्र सांगत आले आहे. अॅडम स्मिथने १७७६ सालीच वेतनातील फरकांचे एक कारण म्हणून कामाचा अप्रियपणा दाखवून दिला होता. तथापि या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कामगाराला धोका माहीत आहे आणि तो नाकारण्याची त्याला मोकळीक आहे. खाणीत उतरणाऱ्याला दरड दिसते; उंच मनोऱ्यावर चढणाऱ्याला खोली दिसते. रक्तात साचणारे रसायन कोणाला दिसणार? जो धोका दिसतच नाही, त्याची किंमत वेतनात उतरत नाही. ठेकेदाराच्या हजेरीपटावर सहा महिने काम करून दुसऱ्या गावी जाणाऱ्या माणसाचा आजार दहा वर्षांनी उघड झाला, तर तो कोणत्या कारखान्याच्या खात्यावर मांडायचा?

सुरक्षिततेवरील खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा झाला, हा हिशेबातील सर्वात मोठा भ्रम होय. तो मालकाच्या वहीतून निघून कामगाराच्या शरीरावर, त्याच्या कुटुंबाच्या कर्जावर आणि अखेरीस सरकारी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर चढतो. खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडली. शंभर वर्षांनंतरही आपले उद्योगधोरण गुंतवणुकीचे आकडे व रोजगारसंख्या एवढ्यावरच समाधानी असते.

कायद्याने या बाबतीत काही केलेच नाही असे नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आणि १९८५ साली दिल्लीत झालेल्या ओलियम वायूच्या गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये धोकादायक उद्योगाची जबाबदारी निरपवाद असल्याचे तत्त्व घालून दिले. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण आले. कामगारांना माहिती देणे, त्यांची वैद्यकीय नोंद ठेवणे आणि तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा त्यांचा हक्क मान्य करणे, हे त्याचे सार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. संहितेत धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी बंधनकारक आहे तो २५० किंवा अधिक कामगार असतील तर. पिकलिंग पेस्ट हाताळणाऱ्या शेडमध्ये दहा-पंधरा माणसे असतात. ज्या ठिकाणी जाणत्या माणसाची गरज सर्वात अधिक, तेथे तो असण्याची सक्ती नाही.

आंतरराष्ट्रीय करारांचीही तीच गत आहे. स्टॉकहोम करारात ‘पीएफओएस’ २००९ साली आणि ‘पीएफओए’ २०१९ साली समाविष्ट झाले. परंतु भारताने २०२० मध्ये ज्या सात रसायनांवरील निर्बंध मान्य केले, त्यांत या दोहोंपैकी एकही नव्हते.

जिल्ह्याला करता येण्याजोगे

मोठे निर्णय दिल्ली-मुंबईत होतील. काही गोष्टी मात्र नगरलाही करता येतील. हायड्रोफ्लोरिक आम्ल कोणकोणत्या शेडमध्ये वापरले जाते याची यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने करावी. पदार्थासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत असते. ते मराठीत आणि तेथे परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतही भिंतीवर लावणे हे काही अवघड काम नव्हे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि आयटीआयच्या वेल्डिंग व शीतकरण विभागात कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम असावा आणि ‘कोणते काम करता?’ हा प्रश्न भाजलेल्या प्रत्येक रुग्णाला विचारला जावा. फ्लोरीन रसायनांचा नवा कारखाना जिल्ह्यात येऊ पाहील, तेव्हा कामगारांची रक्ततपासणी आणि आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी उत्पादन सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी. आरंभीची नोंद नसेल तर पुढे कोणतीही हानी सिद्ध करता येत नाही, आणि रक्तदाब व साखर पाहणाऱ्या वार्षिक तपासणीतून ही रसायने सापडत नाहीत. या नोंदी ठेकेदार बदलला तरी कामगाराच्या हाती राहिल्या पाहिजेत.

या सूचनांनी उद्योग पळून जातील, असा आक्षेप घेतला जाईल. जो उद्योग मलमाच्या नळीने आणि रक्ताच्या चाचणीने पळून जातो, तो आपला नफा कशातून मिळवणार होता, हा प्रश्न मग विचारावाच लागेल. त्रिस्सिनोच्या कामगारांना हा प्रश्न विचारण्याची संधी फार उशिरा मिळाली. नगरच्या कामगाराला ती अजून आहे.