आदिस अबाबाचे वार्तापत्र : एका पानात सारे

इथिओपियात जेवायला आलेल्या स्नेह्यासाठी वेगळे ताट मांडत नाहीत. मेसोब म्हणजे रंगीत गवताची विणलेली, बैठ्या मेजासारखी वापरली जाणारी टोपली. तिच्यावर इंजेरा नावाची एक भलीमोठी पोळी अंथरून तिच्यावरच निरनिराळी कालवणे वाढली जातात आणि यजमानाचे कुटुंब व पाहुणा त्या एकाच पानातून उजव्या हाताने जेवतात. इंजेरा तेफ या अतिशय बारीक दाण्याच्या धान्याची असते. तेफाचे पीठ आधीच्या आंबवणातले एर्शो नावाचे पाणी विरजणासारखे घालून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मिताद या मोठ्या तव्यावर कडेकडून मध्याकडे गोल ओतून, झाकण ठेवून, न उलटता भाजतात. त्यामुळे वरच्या अंगाला दाट जाळी पडते व कालवणाचा रस तिच्यात मुरतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याची खरी अडचण चवीची नसून उष्ट्याखरकट्याच्या कल्पनेची असते. गुर्शा या रिवाजात यजमान स्वतःच्या हाताने इंजेरात कालवण गुंडाळून तो घास थेट पाहुण्याच्या तोंडात भरवतो, आणि घास जितका मोठा तितका जिव्हाळा अधिक, असे मानले जाते. आपल्याकडे आईने लेकराला किंवा लग्नात वधूवरांनी एकमेकांना भरवणे एवढ्यापुरतीच ही जवळीक उरली असल्याने प्रौढ पाहुणा संकोचतो. परंतु इथे घास नाकारणे हे स्नेह नाकारण्यासारखेच असल्याने संकोच पाहुण्यानेच सोडणे उचित होय.

शाकाहाराच्या बाबतीत मात्र हा देश अनपेक्षितपणे सोयीचा आहे. ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चचे अनुयायी, काही अपवाद सोडता, दर बुधवारी व शुक्रवारी, तसेच ईस्टरपूर्वीच्या 55 दिवसांच्या दीर्घ व्रतात मांस, दूध, लोणी व अंडी वर्ज्य करतात, आणि काटेकोर मंडळी दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत. या व्रताला त्सोम म्हणतात. एरवी कालवणाला मसाल्यात कढवलेले तूप लागते. त्सोमच्या दिवशी तेच पदार्थ तेलात होतात. मसुरीचे तिखट कालवण, पालेभाजी आणि हरभरा किंवा तत्सम कडधान्याच्या मसालेदार पिठाचा शिरो, जो थेट पिठल्याच्या कुळातला वाटतो, असे भरगच्च पान त्या दिवशी साध्या खानावळीतही मिळते. परक्याचे पथ्य सांभाळण्याची सवय इथे जुनीच आहे, कारण ख्रिस्ती व मुसलमान परंपरेने एकमेकांच्या हातचे मांस खात नाहीत आणि लग्नकार्यात दोघांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवण्याची रीत आहे.

जेवणानंतर बुना, म्हणजे कॉफी. जमिनीवर ताजे गवत पसरून, धूप लावून, घरातील स्त्री हिरव्या बिया धुऊन पाहुण्यांसमोरच भाजते, धूर निघणारे भांडे वास घेण्यासाठी प्रत्येकापुढे फिरवते, मग बिया कुटून जेबेना या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळते. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून अबोल, तोना आणि बरका असे तीन फेर होतात; तिसरा आशीर्वादाचा मानला जात असल्याने त्याआधी उठणे अप्रशस्त ठरते. म्हणून इथे कुणी कॉफीला बोलावले, तर वाचकांनी पुढचे दोन तास दुसरे काम ठेवू नये, आणि मांस वर्ज्य असेल तर तसे जेवणाचे निमंत्रण स्वीकारतानाच सांगावे.