सिझरचं बाळ कमजोर असतं का?

भंडारा असो, तुमसर की पवनी, प्रसूतीची खबर आली की पहिला प्रश्न ठरलेला : "नॉर्मल की सिझर?" सिझर म्हटलं की एखादी काकू हळहळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातले २५.४ टक्के जन्म सिझरने झाल्याचं आढळलं. म्हणजे चारातल्या एका घरात ही हळहळ पोचते. तिच्यात तथ्य किती, ते पाहू.

गैरसमज : सिझरच्या बाळाच्या पोटात चांगले जंतू येतच नाहीत.
वस्तुस्थिती : येतात, पण उशिरा. जन्मताना बाळाचं आतडं नुकत्याच चिखलणी झालेल्या बांधीसारखं असतं. आधी पोचेल तो जागा धरतो. नैसर्गिक प्रसूतीत आईच्या आतड्यातले जंतू आधी पोचतात, सिझरमध्ये अनेकदा दवाखान्यातले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात सिझरच्या बाळांच्या शीमध्ये बिफिडोबॅक्टेरिया हे उपयुक्त जंतू सापडले नव्हते. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासातही सुरुवातीला असाच फरक दिसला. मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत त्यातला बराचसा पुसला गेला होता.

गैरसमज : अशा मुलांना पुढे दमा आणि लठ्ठपणा होणारच.
वस्तुस्थिती : धोका थोडा वाढलेला दिसतो, एवढंच. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दम्याची शक्यता साधारण २० टक्क्यांनी जास्त आढळली. हा आकडा भीतीदायक वाटतो. पण समजा, एरवी शंभरातल्या दहा मुलांना दमा झाला असता, तर सिझरच्या शंभरातल्या बारांना होईल; उरलेली अठ्ठ्याऐंशी ठणठणीत. शिवाय ज्या कारणासाठी सिझर करावं लागलं, उदाहरणार्थ आईचं जास्त वजन किंवा मधुमेह, त्याचाही मुलावर परिणाम होतो. सगळा दोष शस्त्रक्रियेच्या माथी मारता येत नाही.

गैरसमज : आईचे टाके दुखतात, तोवर बाळाला वरचं दूध, मध किंवा घुटी द्यावी.
वस्तुस्थिती : खरं नुकसान इथे होतं. पाठीत इंजेक्शन देऊन सिझर झालं असेल तर आई शुद्धीवर असते. कुणी आधार दिला, तर ती तासाभरात बाळाला छातीशी घेऊ शकते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीनुसार (२०१९-२१) देशात पहिल्या तासात स्तनपान मिळालेली मुलं ४१.८ टक्केच होती. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियांचं खाद्य असतात. पिवळसर चीक रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेला असतो. तो पिळून फेकू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं तर धोक्याचं, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि हे लक्षात असू द्या : १९९२ च्या कायद्यानुसार डबाबंद शिशुदुधाची जाहिरात करायला आणि मातांना त्याचे फुकट नमुने वाटायला बंदी आहे.

गैरसमज : मेडिकलमधून प्रोबायोटिकचे थेंब आणले की भरपाई होते.
वस्तुस्थिती : ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका विशिष्ट जंतूमुळे रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. पण ती चाचणी त्या एका जंतूची होती, सिझरवरच्या उपायाची नव्हती. दुकानातल्या प्रत्येक बाटलीला तो निकाल लागू होत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंब नकोत. तसंच साध्या सर्दीला अँटिबायोटिकही नको. ते तणाबरोबर पीकही मारतं.

गैरसमज : मग सिझरला नकोच म्हणावं.
वस्तुस्थिती : बाळ आडवं असेल, वार खाली असेल किंवा ठोके मंदावले असतील, तर सिझरच दोन जीव वाचवतं. त्या वेळी आईला दिलं जाणारं अँटिबायोटिकही तिला जंतुसंसर्गापासून वाचवण्यासाठीच असतं. मात्र कारण न सांगता तारीख दिली गेली, तर "सिझर कशासाठी?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रोवणी चार दिवस उशिरा झाली म्हणून धान बुडत नाही; पुढची निगा महत्त्वाची. तेव्हा सिझर झालेल्या सुनेला किंवा लेकीला "नॉर्मल का नाही झाली?" असं विचारू नका. तिच्या पाठीशी उशी लावा, बाळ तिच्या छातीशी द्या आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा पाजू नका.