वॉचमन गोबीचे बिऱ्हाड

जिवंत प्रवाळ राखलेल्या खाऱ्या पाण्याच्या ज्या घरगुती टाकीला हौशी मंडळी 'रीफ टँक' म्हणतात, तीत पिवळा वॉचमन गोबी हा जेमतेम 8 ते 10 सेंटिमीटरांचा मासा पाण्यापेक्षा वाळूशीच अधिक बांधलेला असतो. इतर मासे टाकीभर मिरवत असताना तो पोटाखालच्या परांवर रेलून बिळाच्या तोंडाशी डोळे फिरवत बसतो. कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही त्याची दूरची भाऊबंद.

बीळ मात्र त्याचे नव्हे. ते खणते पिस्टल कोळंबी, जिची एक नांगी इतकी मोठी असते आणि इतक्या वेगाने मिटते की पाण्यात क्षणभर बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि तो 'टक्' असा आवाज काचेबाहेरही ऐकू येतो. या कोळंबीला दिसते फार थोडे. ती नांग्यांनी वाळूचा ढीग रेटत बाहेर येते तेव्हा तिची एक लांब मिशी माशाच्या अंगावर टेकलेली असते. माशाने शेपटी थरथरवली की हातातले काम टाकून ती मागच्या मागे आत सरकते, आणि धोका अगदीच जवळ आला तर मासाही तिच्यापाठोपाठ बिळात सूर मारतो. एकाची नजर आणि दुसऱ्याचे श्रम अशा या देवाणघेवाणीला जीवशास्त्रात सहजीवन म्हणतात. टाकीसमोर बसलेल्याची नजर रंगीत प्रवाळांवरून पुन्हापुन्हा त्या थरथरीकडेच वळते.

पाळणाऱ्याच्या वाट्याला येते ती पाण्याची चाकरी. जाणकार एकच आकडा घोकतात: 1.025. हे पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साधारणपणे दर किलो पाण्यामागे 35 ग्रॅम क्षार. पाणी उडून जाते पण मीठ मागे राहते, म्हणून रोज क्षारविरहित आरओ पाण्याची भर घालून पुन्हा 1.025 गाठावे लागते. मुंबईसारख्या शहरात समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याचे पाणी गढूळ व प्रदूषित असल्याने मीठ बादलीने विकत आणले जाते, आणि उन्हाळ्यात तापमान 26 अंशांच्या आसपास राखण्यासाठी चिलर घरघरत राहतो.

यातला बराचसा खटाटोप प्रवाळांसाठी, खरे तर मालकाच्या डोळ्यांसाठी असतो. गोबी मूळचा प्रवाळांलगतच्या वाळूतला; त्याला खाऱ्या, स्थिर पाण्याखेरीज हवी असते वाळू, शंखशिंपल्यांचा व दगडांचा चुरा आणि ती सोबतीण. भारतात तर दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा केवळ या जोडीसाठी प्रवाळांचा हट्ट धरण्याचे कारण उरत नाही.

दगड मात्र वाळूवर न रचता थेट तळाच्या काचेवर टेकवावे लागतात, कारण कोळंबी त्यांच्याखालून बोगदे काढते आणि आधार गेलेला दगड जोडीसकट सारे बिऱ्हाड चिरडू शकतो. वरून जाळीही हवी. घाबरलेला गोबी उडी मारतो. सर्वांत कठीण ठरतो तो हात आवरण्याचा भाग: कात टाकल्यावर नवे कवच कडक होईपर्यंत कोळंबी बिळाबाहेर फिरकत नाही, आणि ती मेली असे समजून दगड उचलून पाहणारा मालक नेमक्या तिच्या सर्वांत मऊ अवस्थेत तिच्या डोक्यावरचे छप्पर पाडतो.