उभें मोजावें कीं आडवें?

विद्यार्थिमित्रहो, एका त्रिकोणी बागेंत माडांच्या दहा आडव्या ओळी आहेत अशी कल्पना करा. पहिल्या ओळींत एक माड, दुसरींत दोन, याप्रमाणें दहावींत दहा. सर्व ओळी डाव्या कुंपणापासून सुरू होतात. त्यामुळें माडांच्या उभ्या रांगाही सरळ दिसतात. दहावी ओळ विहिरीजवळ असल्यामुळें तींतील प्रत्येक माडास दहा नारळ लागले आहेत. नववींतील प्रत्येकास नऊ. आणि पहिल्या ओळींतील एकट्या माडास अवघा एक. तर एकंदर नारळ किती?

उभ्या रांगांनीं मोजूं लागलों, तर पहिल्या रांगेंत १ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज ५५, दुसरींत २ पासून १० पर्यंतची ५४, तिसरींत ५२, अशा निरनिराळ्या दहा बेरजा कराव्या लागतात. आडव्या ओळींनीं मोजल्यास ओळींतील सर्व माड सारखेच, म्हणून नुसता गुणाकार पुरतो : १ × १, २ × २, असें करीत १० × १०. उत्तर दोन्ही रीतींनीं ३८५ च येतें. अंतर पडतें तें श्रमांत.

कॉलेजांत गेल्यावर तुम्हांस दुहेरी संकलन, म्हणजेच डबल इंटिग्रेशन, शिकावें लागेल. तें याच बागेचें मोठें रूप होय. तेथें माडांऐवजीं सलग जमीन असते, आणि नारळांऐवजीं प्रत्येक बिंदूवर कांहीं उंची. जमिनीच्या बारीक पट्ट्या कल्पून एकंदर घनफळ काढावयाचें. पट्ट्या उभ्या घ्याव्या कीं आडव्या, यासच संकलनाचा क्रम निवडणें म्हणतात. मात्र येथें प्रश्न केवळ श्रमाचा नसतो. कधीं कधीं एक वाट अजिबात बंद असते.

उदाहरण घ्या. क्ष हा ० पासून १ पर्यंत जातो, आणि प्रत्येक क्ष साठीं य हा क्ष पासून १ पर्यंत. उंची म्हणजे इ या संख्येचा (सुमारें २·७१८) य² हा घात. उभी पट्टी घेतल्यास या घाताचें य संबंधीं संकलन करावें लागतें. आणि तें ओळखीच्या फलांच्या कोणत्याही सांत सूत्रांत बसत नाहीं. अशा संकलनांचा निर्णय करणारा सिद्धांत फ्रेंच गणिती लिऊव्हिल यांनीं इ. स. १८३५ च्या सुमारास मांडला. आतां आडवी पट्टी घ्या. तिच्यावर य बदलत नाहीं, म्हणून उंची सर्वत्र एकच. आणि तिची लांबी य. म्हणजे पुन्हां नुसता गुणाकार! य आणि तो घात यांच्या गुणाकाराचें संकलन म्हणजे त्याच घाताचें अर्ध. ० आणि १ या मर्यादा घातल्या कीं उत्तर (इ − १) ÷ २, म्हणजे सुमारें ०·८५९.

येथें पुष्कळ विद्यार्थी एक चूक करतात. ते क्रम बदलतात, पण मर्यादा जुन्याच ठेवतात. वरील उदाहरणांत क्रम बदलतांच य हा ० पासून १ पर्यंत आणि क्ष हा ० पासून य पर्यंत जातो. हें पाठ करून येत नाहीं. आकृति काढूनच दिसतें.

आणखी एक सावधगिरी. उजवीकडे व खालीं अनंत पसरलेला तक्ता घ्या. पहिल्या ओळींत पहिल्या घरीं १ व दुसऱ्या घरीं −१, दुसरींत दुसऱ्या घरीं १ व तिसऱ्या घरीं −१, असेंच पुढें, बाकी सर्व शून्यें. प्रत्येक ओळीची बेरीज ०, म्हणून एकंदर ०. परंतु पहिल्या उभ्या रांगेची बेरीज १, आणि इतर रांगांची ०. म्हणून एकंदर १! क्रम बदलतांच उत्तर बदललें. हें केव्हां घडत नाहीं? इटालियन गणिती फुबिनी यांनीं इ. स. १९०७ मध्यें मांडलेल्या सिद्धांताचें सार असें कीं, सर्व चिन्हें धन मानूनही एकंदर बेरीज सांत राहत असेल, तर क्रम खुशाल बदलावा. आपल्या बागेंत ऋण नारळ नव्हते, आणि माडही मोजकेच होते. म्हणून तेथें भीति नव्हती.

तेव्हां मित्रहो, दुहेरी संकलन समोर येतांच एकदम लेखणी चालवूं नका. प्रथम आकृति काढा, कोणत्या दिशेनें उंची कायम राहते तें पाहा, क्रम बदलण्याची मुभा आहे कीं नाहीं तें तपासा, आणि मगच मोजावयास लागा.