एक नांव, अनेक ग्रंथ

नामसाम्यामुळें होणारा घोटाळा आम्हां कर्जतकरांस नवा नाहीं. बोरघाटाच्या पायथ्याशीं, मुंबई-पुणें लोहमार्गावर दुसरें एक कर्जत आहे, आणि परगांवीं 'आम्ही कर्जतचे' असें सांगतांच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें बहुधा तेंच उभें राहतें. मग भीमेचा कांठ, राशीन, सिद्धटेक अशा खुणा सांगून आपलें गांव वेगळें करून दाखवावें लागतें. ग्रंथांच्या राज्यांत असेंच, किंबहुना याहूनही मोठें, एक नामसाम्य आहे. 'मीं रामायण वाचलें आहे' असें एखादा विद्यार्थी म्हणाला, तर आम्ही त्यास लागलीच दुसरा प्रश्न विचारूं: कोणतें?

हा प्रश्न थट्टेचा नव्हे. रामायण हें एका ग्रंथाचें नांव आहे अशी आपली समजूत असते. वास्तविक तें एका मोठ्या कुळाचें आडनांव आहे. त्या कुळाचा मूळ पुरुष वाल्मीकि. त्याचें काव्य संस्कृत असून सात कांडांचें व परंपरेच्या गणनेप्रमाणें २४,००० श्लोकांचें आहे. पुढें देशोदेशींच्या कवींनीं तीच कथा आपापल्या भाषेंत सांगितली. तामिळांत कंबानें, हिंदींत तुलसीदासानें ती गाइली. समुद्रापलीकडे जावा बेटांत व सयाम देशांतही तिचीं स्वतंत्र काव्यें झालीं. मात्र ज्या महाराष्ट्रांत आपण राहतों तेथें या नांवाचा जो विस्तार झाला, तो पाहून कोणीही चकित व्हावें. आणि त्या विस्ताराचें मोठें केंद्र आमच्या तालुक्यापासून फार दूर नाहीं. भीमा ओलांडून नैर्ऋत्येकडे गेलें कीं कऱ्हा नदीच्या कांठीं बारामती लागते. तेथें एकाच गृहस्थानें एकशेंआठ रामायणें रचिलीं.

हे गृहस्थ म्हणजे मोरोपंत पराडकर. यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. तेथें केशव व गणेश पाध्ये या बंधूंजवळ त्यांचें संस्कृताचें अध्ययन झालें. पुढें बारामतीच्या बाबूजी नाईकांचा आश्रय मिळाला, आणि पुराण सांगावें, काव्य रचावें अशा क्रमानें उरलेलें सारें आयुष्य त्यांनीं बारामतींत घालविलें. १७९४ सालीं ते तेथेंच निवर्तले. संपूर्ण महाभारत त्यांनीं आर्यावृत्तांत उतरविलें, त्याच्याच आर्या सुमारें सतरा हजार आहेत. 'केकावली' हें त्यांचें करुण स्तोत्र तर घरोघरीं पाठ केलें जात असे. एवढें झाल्यावर कोणीही लेखणी खालीं ठेवली असती. पण जपमाळेचे मणी एकशेंआठ, म्हणून रामकथाही एकशेंआठ वेळां सांगावयाची, असा संकल्प या पुरुषानें केला व तडीस नेला. त्यांतील कांहीं रामायणें आज हातीं लागत नाहींत. जीं आहेत तींही एका बैठकींत वाचून संपणारीं नव्हेत.

येथें चतुर वाचक विचारील कीं, कथा तीच, पात्रें तींच, मग दुसऱ्या रामायणांत नवें तें काय? याचें उत्तर त्या ग्रंथांच्या नांवांतच आहे. लघु रामायण, मात्रा रामायण, परंतु रामायण, विद्युन्माला रामायण, मंत्र रामायण, निरोष्ठ रामायण. प्रत्येक नांवाच्या मागें कवीनें स्वतःस घालून घेतलेली एखादी अट किंवा निवडलेली एखादी रीत असते. 'विद्युन्माला' हें एका वृत्ताचें नांव आहे. त्या वृत्ताच्या प्रत्येक चरणांत आठ अक्षरें व तींही सर्व गुरु, म्हणजे एकही लघु अक्षर योजावयाचें नाहीं. मंत्र रामायणांत 'श्रीराम जयराम जय जय राम' या मंत्राचीं तेरा अक्षरें काव्यांत गुंफलेलीं आहेत, जणूं कापडांत जरीचा धागा. वाचणाऱ्यानें कथा वाचावी, आणि वाचतां वाचतां न कळत जपही व्हावा, अशी ती योजना.

परंतु आमच्या मतें या साऱ्यांत अधिक नवलाचें निरोष्ठ रामायण होय. निरोष्ठ म्हणजे ओठांवांचून. प, फ, ब, भ, म हीं व्यंजनें उच्चारतांना ओठ मिटावे लागतात. तीं या काव्यांत मुळींच येऊं द्यावयाचीं नाहींत. ही अट किती कठीण आहे हें पाहावयाचें असेल तर विद्यार्थ्यांनीं क्षणभर विचार करावा. 'म' नाहीं, म्हणजे 'राम' हा शब्दच गेला! लक्ष्मण गेला, 'भ' नाहीं म्हणून भरत गेला. चौघां भावांत एकटा शत्रुघ्न काय तो सुटला. सुमित्रा, मारुति, बिभीषण, कुंभकर्ण, मंदोदरी यांपैकीं कोणासही आंत प्रवेश नाहीं. ग्रंथाचें नांवही ग्रंथांत लिहितां यावयाचें नाहीं, व आदिकवि वाल्मीकीसही दाराबाहेरच थांबावें लागेल. मग नायकाचा निर्देश करावयाचा कसा? दाशरथि, जानकीनाथ अशा आडवाटांनीं. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं सुटींत चार ओळींचा निरोष्ठ निबंध लिहून पाहावा. 'आम्ही', 'पण', 'मग', 'बरें' हे शब्द पहिल्याच ओळींत आडवे येतील.

यावर कोणी म्हणेल कीं, हे शब्दांचे खेळ झाले. यांत काव्य कोठें आहे? हा आक्षेप जुनाच आहे आणि अगदीं निराधारही नाहीं. मोरोपंतांच्या कांहीं रामायणांत कसब कथेच्या पुढें धांवतें, आणि सीतेच्या शोकापेक्षां यमकाची जुळणी अधिक लक्षांत राहते, हें आम्हांसही मान्य आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले'त मोरोपंतांच्या कवितेवर विस्तारानें लिहिलें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें वाचून आपलें मत बनवावें. मात्र एक गोष्ट विसरूं नये. मराठी भाषेंत किती शब्द आहेत, एका अर्थाचीं किती रूपें आहेत, ती किती वांकते व कोठें मोडते, याची एवढी कसून परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल. ज्या भाषेंतून राम हा शब्द काढून घेतला तरी रामकथा सांगतां येते, ती भाषा दरिद्री खास नव्हे.

मोरोपंतांच्या पूर्वीं सुमारें दोन शतकें, पैठणास एकनाथांनीं 'भावार्थ रामायण' रचावयास घेतलें. त्या काळीं आपल्या या प्रांतावर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता. वाल्मीकीची कथा नाथांनीं ओवींत आणिली, पण ती नुसती भाषांतरून नव्हे. रावणाच्या बंदिशाळेंत पडलेले देव आणि त्यांस सोडविणारा राम, या प्रसंगावर त्यांचा विशेष भर आहे. पारतंत्र्यांतील श्रोत्यांस त्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याचें कारण नव्हतें. हा ग्रंथ चाळीस हजारांच्या आसपास ओव्यांचा आहे. तथापि तो नाथांच्या हातून पुरा झाला नाहीं. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले, आणि १५९९ सालीं नाथांनीं देह ठेविला. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा यानें लिहिला. हा गावबा पुरणपोळीचा लोभी, मठांतला वेडगळ मुलगा होता, आणि 'एकनाथ' या शब्दाखेरीज दुसरा मंत्र त्याच्या तोंडीं बसेना, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, अर्ध्यावर राहिलेला एवढा मोठा ग्रंथ त्यानें शेवटास नेला, यांत संशय नाहीं.

नाथांचे नातू मुक्तेश्वर यांनीं श्लोकबद्ध 'संक्षेप रामायण' केलें. समर्थ रामदासांनीं सुंदर व युद्ध हींच दोन कांडें विस्तारानें गाइलीं. १७०३ सालीं पूर्ण झालेला श्रीधरस्वामींचा 'रामविजय' खेडोपाडीं अतिशय वाचला गेला, परंतु त्याचें नांव वेगळें असल्यामुळें तो आमच्या आजच्या विषयाच्या किंचित् बाहेर राहतो. जात्यावर दळतांना आमच्या मायभगिनींनीं सीतेच्या वनवासाच्या ज्या ओव्या गाइल्या, त्यांस तर कोणी नांवच ठेविलें नाहीं. ठेवावयाचें असतें तर तेंही रामायणच ठेवावें लागलें असतें, मात्र त्यांत रामाच्या पराक्रमापेक्षां सीतेचें दुःखच अधिक भरलें आहे. आणखी एक रामायण पालकवर्गापैकीं पुष्कळांनीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं कानांनींच ऐकलें असेल. १९५५ सालच्या रामनवमीस पुण्याच्या आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतरामायणा'चें पहिलें गीत प्रसारित झालें. सुधीर फडके यांनीं चाली दिल्या, आणि वर्षभर आठवड्यामागून आठवडा अशीं छप्पन्न गीतें झालीं.

आतां या नांवाच्या घडणीकडे वळूं, कारण त्यावांचून पुढची गोष्ट नीट कळणार नाहीं. 'अयन' म्हणजे जाणें किंवा मार्ग. उत्तरेस जाणें तें उत्तरायण, दक्षिणेस जाणें तें दक्षिणायन. रामाचें अयन तें रामायण. येथें कोणी विचारील कीं, उत्तरायणांत 'ण' व दक्षिणायनांत 'न' असें कां? संस्कृत व्याकरणाचा नियम असा कीं, शब्दांत आधीं र किंवा ष आला असतां पुढील 'न'चा 'ण' होतो. मध्यें स्वर, य, व, ह अथवा क-वर्ग व प-वर्ग यांचीं अक्षरें आलीं तरी चालतें, पण ट-वर्ग, त-वर्ग यांसारखीं अक्षरें आडवीं आलीं कीं तो फरक थांबतो. 'दक्षिणायना'त मधला 'ण'च आडवा येतो. 'रामायणा'त मध्यें केवळ म व य आहेत, म्हणून 'ण' झाला.

हा नियम मनांत धरून आमच्याच जिल्ह्याशीं निगडित असलेल्या एका ग्रंथाचें नांव पाहावें: 'ख्रिस्तायन'. त्यांत र आहे, पण पाठोपाठ 'स्त' आडवा आल्यामुळें 'न' तसाच राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करावयास घेतलें, तेव्हां त्यांनीं नांवासाठीं परक्या भाषेकडे धांव घेतली नाहीं. वाल्मीकीपासून चालत आलेल्या नांवाचा उत्तरार्ध उचलला, आणि नाथांनीं वापरलेलीच ओवी घेतली. नगर व राहुरी येथें ज्यांचें आयुष्य बरेंच गेलें त्या टिळकांचें शिक्षण व मनाची ठेवण पाहतां यांत आश्चर्य नाहीं. पण कांहीं अध्याय लिहून होतात तोंच १९१९ सालीं ते वारले, आणि भावार्थ रामायणाप्रमाणेंच हाही ग्रंथ अर्धा राहिला.

तो पुरा करण्याचें काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावर घेतलें. लक्ष्मीबाई शाळेंत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झालेली. 'स्मृतिचित्रे' लिहून त्यांनीं मराठी गद्यांत जें स्थान मिळविलें तें सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्याच बाईंनीं पतीच्या ओव्यांना आपल्या ओव्या जोडून हा ग्रंथ शेवटास नेला, हें फार थोड्यांस माहीत असतें. टिळकांनीं लिहिलेल्या अध्यायांपेक्षां त्यांनीं लिहिलेला भाग पुष्कळच मोठा आहे. १९३६ सालीं त्यांचा अंत झाला. ग्रंथ छापून निघाला तो १९३८ सालीं.